मालकमपेठ कोणी वसवली?

महाबळेश्वरास येणारा प्रवासी ज्या क्रमाने हे गाव पाहतो, तो क्रम येथील इतिहासाच्या बरोबर उलटा असतो. मोटारीतून उतरला की तो प्रथम बाजारपेठेतून एक फेरी मारतो, दुपारी वेण्णा तलावावर नावेत बसतो, मावळतीला बॉम्बे पॉइंटावरच्या गर्दीत सामील होतो, दुसरा दिवस आर्थर सीट, एल्फिन्स्टन आणि केट्स पॉइंट ह्यांना देतो. आणि परतण्यापूर्वी घटकाभर वेळ हाती राहिलाच, तर तीन-चार मैलांवरच्या जुन्या क्षेत्रात जाऊन गोमुखातले पाणी डोळ्यांना लावतो. अशा रीतीने ज्याच्यापासून आरंभ व्हायचा ते शेवटी आले, म्हणजे हे सारे स्थळ इंग्रजांनीच उजेडात आणले आणि त्यापूर्वी येथे केवळ रान व श्वापदे होती, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. वाटाडे आणि टॅक्सीवाले तो ग्रह मोठ्या निष्ठेने दृढ करीत असतात. 'लॉडविक साहेबाने महाबळेश्वरचा शोध लावला' हे वाक्य येथे इतक्या वेळा कानी पडते की, त्याची शहानिशा करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वस्तुतः लॉडविकच्या स्मृतिस्तंभावरील लेख ह्या बाबतीत आपल्याहून अधिक सावध आहे. जनरल पीटर लॉडविक हा १८१७ च्या खडकीच्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढलेला सरदार. १८७३ मध्ये, वयाच्या नव्वदीत, तो फ्रान्समध्ये वारला, आणि पुढल्या वर्षी त्याच्या मुलाने हा स्तंभ त्या अरुंद, पुढे झेपावलेल्या कड्यावर उभारला. ह्या डोंगरावर पाऊल ठेवणारा पहिला युरोपीय, एवढाच मान तो लेख त्याला देतो आणि सन १८२४ नमूद करतो. पहिला युरोपीय म्हणजे पहिला मनुष्य, हा अर्थ आपण आपल्या पदरचा घातला आहे.

मनुष्ये येथे फार पूर्वीपासून येत होती, आणि तीही हवा खाण्यासाठी नव्हे. सह्याद्रीच्या ह्या माथ्यावर कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री ह्या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांपैकी पहिल्या तिघी देशावर उतरून, वेण्णा माहुलीस आणि कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळून, पूर्वसमुद्राची वाट धरतात, तर सावित्री आणि गायत्री कडा उतरून कोकणात जातात. एका माथ्यावर पडलेले पाणी दोन समुद्रांस वाटले जाते, ह्या भौगोलिक सत्यावर श्रद्धेने पंचगंगेचे देवालय उभे केले. तेराव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या सिंघण यादवाने कृष्णेच्या उगमाशी लहानसे देऊळ व कुंड बांधल्याची परंपरा आहे. पुढे जावळीच्या मोऱ्यांनी त्यात भर घातली. महाबळ आणि अतिबळ ह्या दैत्यांची कथा पुराणिक सांगतात, ती सांगोत. परंतु गाभाऱ्यातील ते ओबडधोबड स्वयंभू लिंग पाहताना, हे दैवत कोणा राजाच्या फर्मानाने स्थापिलेले नसून डोंगरातच होते आणि मागाहून त्याच्यावर छत आले, हे पाहणाऱ्यास सहज उमगते. थोडेसे बाजूला, झाडीत दडलेले कृष्णाबाईचे काळ्या दगडाचे मंदिर मला ह्या सर्व परिसरात सर्वांत सुंदर वाटते. त्याच्या शेवाळलेल्या खांबांवर ना रंग चढला आहे, ना संगमरवरी फरशी त्याच्या वाट्यास आली आहे, आणि समोर कृष्णेचे खोरे उघडे पडलेले आहे. तेथे गर्दी कमी असते, हे त्या मंदिराचे भाग्यच म्हणावे लागेल.

ह्या क्षेत्राचा राजकीय संबंधही काही आजकालचा नव्हे. जावळीचे चंद्रराव मोरे आदिलशाहीच्या छत्राखाली ह्या घाटमाथ्यावर आणि खालच्या खोऱ्यात सत्ता गाजवीत होते. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी हस्तगत केली, मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला, आणि त्याच गडाच्या पायथ्याशी १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाचा निकाल लागला. त्यानंतर पाच वर्षांनी, १६६५ च्या जानेवारीत, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाबाईंची आणि वृद्ध सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला केली. मातेबरोबर एका मुत्सद्द्याची तुला व्हावी, ही गोष्ट मला त्या प्रसंगातील सोन्याहून मोलाची वाटते. मिर्झा राजे जयसिंग दक्षिणेच्या वाटेवर होते, पुरंदरचा तह पाच महिन्यांवर आला होता. अशा घटकेस ज्या ठिकाणी हा सोहळा योजला गेला, ते ठिकाण त्या काळी अज्ञात अरण्य होते असे म्हणवत नाही.

आता आपण मालकमपेठेकडे वळू. १८१८ साली पेशवाई बुडाली, आणि दुसऱ्या बाजीरावास सालिना आठ लक्षांचे वर्षासन कबूल करून शरण आणणारा मुत्सद्दी सर जॉन मालकम हाच पुढे, १८२७ च्या अखेरीस, मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. तिकडे साताऱ्यास, पेशव्यांच्या नजरकैदेतून सोडवून आणलेले प्रतापसिंह महाराज कंपनीने गादीवर बसविले होते, आणि १८१९ च्या तहनाम्याने त्यांच्या राज्याच्या हद्दी व मर्यादा दोन्ही आखून दिल्या होत्या. लॉडविक येथे चढला तो ह्याच महाराजांच्या मुलखात. आणि त्याने थंड हवेची वार्ता खाली नेल्यावर साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज ह्याने प्रथम कोणाकडे शब्द टाकला असेल, तर तो महाराजांकडे. महाराजांनी साताऱ्याहून डोंगरमाथ्यापर्यंत गाड्या जाण्याजोगा उत्तम रस्ता बांधून दिला. १८२५ च्या सुमारास झालेला तो रस्ता नसता, तर लॉडविकची वार्ता ही एका शिकाऱ्याची गप्प ठरली असती. कारण हवा कितीही आरोग्यदायी असली तरी आजारी मनुष्याला तेथवर नेण्यास वाट लागते.

१८२८ मध्ये मालकमने येथे आजारी गोऱ्या सैनिकांसाठी प्रायोगिक रुग्णालय काढले, स्वतः येऊन राहिला, आणि जागा मनास येताच महाराजांकडे ती रीतसर मागितली. मे १८२९ मध्ये झालेल्या करारान्वये महाराजांनी हा डोंगराचा तुकडा कंपनीस दिला व मोबदल्यात वाई तालुक्यातील खंडाळा हे गाव घेतले. एका गावच्या वसुलाच्या बदली एका डोंगराची हवा, असा तो व्यवहार. त्या काळच्या दप्तरी हिशेबाने तो बरोबरीचा असेलही, कारण हवेवर सारा बसविण्याची युक्ती तोवर निघालेली नव्हती. नव्या वस्तीला गव्हर्नराचे नाव देण्याचा शिष्टाचारही महाराजांनीच पाळला, आणि मालकमपेठ अस्तित्वात आली. पेठ वसविणे हा खास आपल्याकडील राजधर्म होता. पुण्यात पेशव्यांनी आणि त्यांच्या सरदारांनी तो किती वेळा आचरिला हे सर्वश्रुत आहे. तेव्हा मालकमचे नाव तिला लागले असले, तरी ह्या पेठेचा जन्म मराठी रिवाजानेच झाला.

ह्याच महाराजांची पुढे जी गत झाली, ती सांगितल्यावाचून हा वृत्तांत पुरा होणार नाही. करारानंतर दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, कंपनीविरुद्ध कारस्थाने केल्याचा आरोप ठेवून गव्हर्नर सर जेम्स कार्नाक ह्याने त्यांना पदच्युत केले. रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन विलायतेस गेले, तेथे वर्षानुवर्षे त्यांनी दाद मागितली, परंतु महाराज काशीस नजरबंदीत राहिले ते तेथेच १८४७ मध्ये वारले. महाबळेश्वराच्या पॉइंटांच्या नामावळीत ज्याने डोंगर दिला त्या प्रतापसिंहाचे नाव नाही. ज्याने त्याला गादीवरून काढले, त्या कार्नाकचा मात्र पॉइंट आहे. ही निव्वळ योगायोगाची गोष्ट असेल; पण असे योगायोग राज्यकर्त्यांच्या सोयीनेच घडतात, हेही इतिहासाचा वाचक जाणतो. प्रतापसिंहांच्या जागी आलेले त्यांचे बंधू आप्पासाहेब ह्यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधविला. आज ज्या तलावाच्या काठी घोडी, मक्याची कणसे आणि होड्यांची रांग ह्यांचा अखंड गलबला चालतो, तो मुळात सातारच्या छत्रपतीने केलेला पाण्याचा बंदोबस्त होय. आप्पासाहेब १८४८ मध्ये निपुत्रिक वारले, त्यांचा दत्तक नामंजूर झाला, आणि सातारचे राज्यच खालसा करण्यात आले; तलाव तेवढा राहिला.

तथापि मालकमपेठेच्या इतिहासातील सर्वांत विस्मृत, आणि म्हणूनच सर्वांत अधिक सांगण्याजोगे प्रकरण राजेरजवाड्यांचे नसून कैद्यांचे आहे. पेठ वसल्यानंतर थोड्याच वर्षांत येथे एक तुरुंग उभारण्यात आला, आणि त्यात ठेवलेले बंदी सातारा-पुण्याचे नव्हते. ते चिनी आणि मलायी होते. पिनांग, मलाक्का, सिंगापूर ही ठाणी त्या वेळी कंपनीच्या अमलाखाली होती, आणि एका मुलखातील गुन्हेगाराला समुद्रापार दुसऱ्या मुलखात पाठवून देणे ही कंपनीची नित्याची शिक्षा होती. आपल्याकडील अपराधी जसे सामुद्रधुनीच्या वसाहतींत जात, तसे तिकडील इकडे येत. मायदेशापासून इतक्या दूर, ज्यांची भाषा येथे कोणालाही कळत नव्हती अशा ह्या लोकांपैकी सुमारे १२० असामी ह्या डोंगरावर ठेवता येतील, अशी त्या तुरुंगाची सोय होती.

साहेब लोकांना हवा मिळाली होती, परंतु हवेवर पोट भरत नाही. त्यांच्या पानात बटाटा, कोबी, सलगम आणि इतर विलायती भाज्या हव्या होत्या. नाचणी आणि वरी पिकविणाऱ्या येथील कुणब्याने त्या पाहिल्याही नव्हत्या. ही उणीव चिनी कैद्यांनी भरून काढली. उतारावर ताली घालणे, ओढ्याचे पाणी वळवून वाफ्यांत खेळविणे, खताचा कणही वाया न घालविता एका तुकड्यातून वर्षात अनेक पिके काढणे, हे त्यांच्या पिढीजात अंगवळणी पडलेले काम होते. त्यांच्या हातच्या बटाट्याला मुंबईच्या बाजारात नाव मिळाले. त्यांनी आरारूट केले, वेताच्या आणि बांबूच्या टोपल्या विणल्या, आणि ही विद्या येथील लोकांच्या हाती सोपविली. स्ट्रॉबेरीची येथील लागवडही त्यांच्याच बागांतून सुरू झाली असे गावातील जुनी माणसे सांगतात. त्या सांगण्यास कागदाचा आधार किती, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ज्या शिस्तीच्या बागाईतीवर ते नाजूक पीक पुढे उभे राहिले, ती शिस्त ह्या डोंगरावर कोणी आणली ह्याविषयी शंका नाही. तुरुंग १८६४ मध्ये मोडण्यात आला. शिक्षा भोगून सुटलेल्यांपैकी काही जण येथेच बागा करून राहिले, आणि कालांतराने त्यांची निराळी ओळख लोपली. गावाच्या दक्षिणेकडे एक धबधबा आहे, त्याला अजून चायनामन्स फॉल म्हणतात. एवढे एक अनामिक नाव, तेही विलायती उच्चाराचे, त्यांच्या नशिबी आले.

लोप पावलेल्यांत आणखी एक जमात आहे. ह्या माथ्यावरचा तांबडा जांभा दगड लोहयुक्त असून तो वितळवून लोखंड काढणारे धावड येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत. त्यांच्या भट्ट्यांना कोळसा लागे आणि कोळशाला जंगल. म्हणून सरकारने जंगल राखीव करताच त्यांचा धंदा बसला, आणि पोटासाठी त्यांना मिळेल त्या मजुरीकडे वळावे लागले. जंगल राहिले ते चांगलेच झाले, ह्यात वाद नाही. हिरडा, जांभूळ, पिसा आणि गेळा ह्यांची ती बुटकी, दाट, बारमाही हिरवी राई नसती तर महाबळेश्वरास पाहण्यासारखे फारसे उरले नसते. परंतु राखणीचा खर्च कोणाकडून वसूल झाला, हेही लक्षात असावे. त्याच सुमारास लिंगमळ्यास सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. हिवतापावरील कोयनेल येथेच पिकविण्याचा तो बेत इथल्या अतिवृष्टीपुढे टिकला नाही.

पावसाचा हा अंमल ह्या गावावर सदैव राहिलेला आहे. वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस जेथे पडतो, तेथे जूनच्या मध्यानंतर साहेबाचा मुक्काम अशक्य होई. उन्हाळ्यात गव्हर्नर, त्याचे सेक्रेटरी, कारकून आणि चपराशी ह्यांच्यासह सारे मुंबई सरकार येथे येऊन बसे, हुकूम येथून सुटत. पाऊस तोंडावर आला की दप्तरे बांधली जात आणि सरकार पुण्यास उतरे. मागे राहिलेल्या बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधून त्या आच्छादून टाकीत, आणि गाव गावकऱ्यांच्या स्वाधीन होई. मुंबईहून येण्याचा आरंभीचा एक मार्ग तर समुद्राचा होता: बाणकोटाहून सावित्रीच्या खाडीने महाडपर्यंत नावेने, आणि तेथून पार घाटाने पालखीत किंवा डोलीत, भोयांच्या खांद्यावर. पुढे रेल्वे पुण्यापर्यंत आली, पसरणीच्या घाटाने टांगे धावू लागले, १८७६ मध्ये महाडकडचा आंबेनळी घाट फिट्झजेराल्ड साहेबाच्या नावे तयार झाला, आणि पालखीचे दिवस सरले.

त्या खाडीच्या मार्गाशी आर्थर सीटची कथा जोडलेली आहे, आणि ती मनाला चटका लावणारी आहे. आर्थर मालेट हा मुलकी अंमलदार त्या उंच, उघड्या कड्यावर घर बांधून राहणारा पहिला मनुष्य. १८५३ मध्ये बाणकोटच्या खाडीच्या मुखाशी नाव बुडून त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी दगावल्या. त्यांच्याबरोबर नावाडीही गेले. ज्या सावित्रीचा उगम त्याच्या कड्याखाली, तिच्याच मुखाशी हा अनर्थ घडावा, म्हणून आर्थर त्या नदीकडे पाहत येथे बसून राही, असे वाटाडे सांगतात. तो तसा बसत असो वा नसो, दुःख खरे होते. बुडालेल्या नावाड्यांच्या घरची माणसे कोठे जाऊन बसली असतील, हे मात्र कोणताच वाटाडा सांगत नाही.

नावांचा हा ओघ विसाव्या शतकातही थांबला नाही. गावाजवळचे सर्वांत उंच ठिकाण लोक सिंदोळा म्हणून ओळखत. १९२३ ते २८ ह्या काळातल्या गव्हर्नराच्या नावे त्याचा विल्सन पॉइंट झाला. मालकमच्या कन्येच्या नावाने ओळखला जाणारा केट्स पॉइंट हा गावकऱ्यांचा नाके खिंड. ही इंग्रजी नावे पुसून टाकावीत असे माझे म्हणणे नाही. ती शंभर-दीडशे वर्षे लोकांच्या तोंडी आहेत, आणि नावे पुसल्याने इतिहास दुरुस्त होत नाही, तो केवळ आणखी एका थराखाली जातो. मौज अशी की, मालकमचे स्वतःचे नाव मात्र लोकांच्या जिभेवर टिकले नाही. पत्ते, पाट्या आणि बोलणे ह्यांतून मालकमपेठ हळूहळू गळाली, आणि तीन-चार मैलांवरच्या देवाचे नाव सबंध गावाला लागले.

स्वातंत्र्यानंतर गावाचा व्यवहार बदलला. साहेबांचे बंगले मुंबईच्या पारशी, भाटिया आणि गुजराती धनिकांकडे पूर्वीच येऊ लागले होते. अशाच एका बंगल्यात, मोरारजी कॅसलमध्ये, १९४५ च्या उन्हाळ्यात गांधीजी राहून गेले. १८६४ मध्ये उभारलेल्या फ्रिअर हॉलमधील ग्रंथालय सर्वांना खुले झाले. मधमाशीपालनास सरकारी उत्तेजन मिळाले आणि जांभळाचा, हिरड्याचा व कारवीचा मध येथून बाहेर जाऊ लागला. स्ट्रॉबेरीने तर डोंगरउतारांचे रूपच पालटले, आणि २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या साऱ्या भरभराटीत चिनी कैद्याचा वाफा, धावडाची भट्टी आणि सातारकर महाराजांचा रस्ता ह्यांचा मागमूस शोधू म्हटले, तर सांगणारा मिळत नाही.

तेव्हा माझा निवाडा असा: महाबळेश्वराचा शोध कोणी लावला नाही. ते सिंघण यादवाच्या आधीपासून यात्रेकरूंना ठाऊक होते. प्रतापसिंहांनी ते रस्त्यासह कंपनीच्या हवाली केले. मालकमने तेथे राहण्याची सोय केली, आणि ती सोय कैद्यांनी व कुणब्यांनी खाण्याजोगी केली. मालकमचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही, फक्त त्याच्या मापाचे होते. येणाऱ्या वाचकाला विनंती एवढीच की, त्याने पहिला दिवस क्षेत्र महाबळेश्वरास आणि कृष्णाबाईस द्यावा, पॉइंट दुसऱ्या दिवशी पाहावेत, आणि शक्य तर मे महिन्याऐवजी ऑक्टोबरात यावे. नगरपरिषदेलाही एक मागणे आहे. लॉडविकचा स्तंभ आहे तेथे खुशाल असू द्यावा. पण त्याच्या शेजारी एक साधा मराठी फलक लावावा आणि त्यावर १८२५ चा रस्ता, १८२९ चा करार, १८४२ चा तलाव आणि १८६४ पर्यंत येथे राबलेले चिनी व मलायी बंदी ह्यांची नोंद करावी. चार ओळींत मावेल इतकाच तो मजकूर आहे.